ख्रिस्तायनकर्त्या लक्ष्मीबाई टिळक

आमच्या विश्रांतवाडीच्या धर्मग्रामाचा हा महोत्सव साजरा होत असतां, ज्यांनीं येथें उपासना चालविली, ज्यांनीं पै-पैसा जमवून मंदिर उभें केलें, त्या सर्वांचें स्मरण या स्मरणिकेच्या इतर पृष्ठांवर होईलच. या लेखांत आम्ही एका अशा बाईंचें चरित्र वाचकांपुढें ठेवूं इच्छितों कीं, ज्यांचा या धर्मग्रामाशीं कांहीं एक संबंध नव्हता, ज्या आमच्या कॅथोलिक ख्रिस्तसभेच्याही नव्हत्या, आणि तरीही ज्यांच्या ऋणांत महाराष्ट्रांतील प्रत्येक ख्रिस्ती कुटुंबानें आपणांस समजावें. एके काळीं प्रॉटेस्टंट ग्रंथकारांचें गुणगान आमच्या स्मरणिकांत सहसा झालें नसतें. परंतु दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६४ सालीं ख्रिस्ती ऐक्याविषयींचा आदेश काढून, विभक्त बंधुभगिनींच्या ठायीं जें जें ख्रिस्ताचें आहे तें तें आनंदानें ओळखावें, अशी शिकवण आम्हांस दिली आहे. त्या शिकवणीस अनुसरून श्रीमती लक्ष्मीबाई टिळक यांच्या जीवनाकडे, आणि विशेषतः त्यांनीं घरसंसार सांभाळून पुऱ्या केलेल्या ‘ख्रिस्तायन’ या महाकाव्याकडे, आम्ही पाहणार आहोंत.

आषाढी वारीच्या वेळीं श्रीज्ञानेश्वरमहाराजांची पालखी आळंदीहून पुण्यास जातांना आमच्या विश्रांतवाडीच्या रस्त्यानेंच जाते. ज्या ओवीनें इ. स. १२९० च्या सुमारास मराठीस तिचें वैभव दिलें, ती ओवी अशी दरवर्षीं आमच्या दारावरून जाते. ती ख्रिस्ताच्या सेवेस पूर्वींच लागलेली आहे, हें आमच्यांतील तरुणांस ठाऊक असावें. इंग्लंडांत जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स हे १५७९ सालीं गोव्यास आले आणि साष्टी प्रांतांत त्यांनीं आपलें सारें आयुष्य वेंचलें. त्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें. त्यांत जवळ जवळ अकरा हजार ओव्या असून, जगाच्या उत्पत्तीपासून प्रभूच्या स्वर्गारोहणापर्यंतची पवित्र कथा मराठी पुराणाच्या थाटानें सांगितलेली आहे. फादर स्टीफन्स हे संन्यस्त होते. त्यांस धर्मग्रामाचीं कामें पुष्कळ होतीं. पण चूल नव्हती, लेंकरें नव्हतीं, महिन्याअखेरीस रिकामें होणारें पिठाचें मडकें नव्हतें. त्यांच्यामागून तीनशें वर्षांनीं तशाच कथेस हात घालणाऱ्या लक्ष्मीबाईंच्या वांट्यास हें सर्व आलें होतें. म्हणूनच त्यांचें उदाहरण आमच्या घरोघरच्या माताभगिनींस अधिक जवळचें आहे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १ जून १८६८ रोजीं नाशिकजवळच्या जलालपूर या गांवीं झाला. माहेरचें आडनांव गोखले. त्यांच्या आईचे वडील १८५७ च्या बंडाच्या धामधुमींत फांसावर गेले. त्या आघातानें लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनानें सोंवळ्याओंवळ्याचा असा कांहीं ध्यास घेतला कीं, सारें घर त्या ध्यासाखालीं दडपून गेलें. बाजारांतून आलेला जिन्नस धुतल्यावांचून घरांत येऊं नये, कोणाची सावली पडूं नये, कोणाचा शब्दसुद्धां शिवूं नये, अशा धाकांत ही मुलगी वाढली. शाळेचें तर नांवच नको. हें बालपण वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. कारण पुढें ज्या शुभवर्तमानाचा अर्थ त्यांस लावावयाचा होता, त्यांत ताटवाट्या नि हातपाय धुण्यावरून प्रभूचा परूश्यांशीं झालेला वाद अगदीं ठळकपणें मांडलेला आहे. तो वाद त्यांस पुस्तकांतून शिकावा लागला नाहीं. तो त्यांनीं बापाच्या घरीं भोगलेला होता.

अकराव्या वर्षीं त्यांचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशीं झाला. टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव येथें झालेला. बुद्धि तीव्र, वाणी रसाळ, हृदय उदार, आणि स्वभाव असा कीं एका गांवीं, एका नोकरींत त्यांचें चित्त ठरूं नये. आज नाशिक, उद्यां नागपूर, परवां राजनांदगांव, अशी त्यांची भ्रमंती चालावयाची आणि पाठीमागून बायकोनें बोचकें बांधावयाचें. हातीं पैसा आला तर तो मागणाऱ्यास द्यावयाचा. बाजारांत एका वस्तूस जावें आणि भलतीच घेऊन यावें. घरांत पाहुणा आहे पण दाणा नाहीं याची त्यांस दादही नसावयाची. असल्या कवीचा संसार करणें म्हणजे फाटक्या शिंकाळ्यांत दूध ठेवणें. तथापि याच पतीनें आपल्या पत्नीस अक्षरओळख करून दिली, हेंही तितकेंच खरें. जोडाक्षरांशीं त्यांचें वैर मात्र जन्मभर राहिलें.

१८९३ सालीं आगगाडीच्या प्रवासांत एका युरोपियन सहप्रवाशानें टिळकांस नव्या कराराची प्रत दिली. ती त्यांनीं वाचली, विचार केला, आपल्या मनाशीं झगडले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. घरीं बातमी येतांच लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलें. त्या वेळच्या रीतीप्रमाणें नवरा जिवंत असून त्या जणूं विधवाच झाल्या. पदरीं लहानगा दत्तू होता. पंढरपूर, नाशिक, जलालपूर असे आप्तांच्या घरचे दिवस सुरू झाले. शोकानें त्यांची प्रकृति ढांसळली. लोकांनीं कींव केली, कांहींनीं टोमणे मारले. याच वियोगांत त्यांच्या दुःखास पद्याची वाट सांपडली. सुशिक्षितांच्या वृत्तांचा अभ्यास त्यांनीं केलेला नव्हता. पण जात्यावर बसणाऱ्या प्रत्येक मराठी बाईच्या कानांत ओवी असते, आणि ती वेळेवर धांवून येते.

चार-पांच वर्षें अशीं गेल्यावर त्या मुलासह अहमदनगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, येथें पतीकडे राहावयास आल्या. टिळक तेथें अमेरिकन मराठी मिशनच्या धर्मशिक्षणाच्या शाळेंत शिकवीत असत. येथें आम्ही वाचकांचें लक्ष एका गोष्टीकडे मुद्दाम वेधतों. लक्ष्मीबाई पतीकडे आल्या म्हणून ख्रिस्ती झाल्या नाहींत. प्रारंभीं त्या आपलें सोंवळें सांभाळून, निराळी चूल मांडून राहिल्या; आणि टिळकांनीं त्यांच्यावर जबरदस्ती केली नाहीं. एकाच छपराखालीं दोन धर्म, दोन पाण्याच्या घागरी! पाहणाऱ्यांस ही थट्टा वाटली असेल. पण आम्हांस तींत दोघांच्याही सचोटीची कसोटी दिसते. पुढें विचार करतां करतां लक्ष्मीबाईंच्या मनास असें पटलें कीं, ज्या भेदानें माणूस माणसाच्या हातचें पाणी पीत नाहीं, तो भेद देवानें केलेला असूं शकत नाहीं, तो माणसाचाच आहे. ज्या दिवशीं हें पटलें, त्या दिवशीं त्यांनीं तो भेद टाकला. मग बाप्तिस्मा आला, तो १९०० सालीं. ज्या प्रभूनें शोमरोनी स्त्रीजवळ विहिरीच्या कांठीं पाणी मागितलें, त्याच्याकडे त्या पाण्याच्याच वाटेनें आल्या, असें म्हटलें तर तें वावगें होणार नाहीं.

तें वर्ष छप्पनच्या दुष्काळाचें. त्या दुष्काळानें नगर जिल्ह्यांतील गांवेंच्या गांवें ओस पाडलीं आणि प्लेगनें उरलेल्यांस गांठलें. टिळकांच्या घरीं पोरकीं मुलें येऊं लागलीं. एक आलें, दोन आलीं, मग त्यांचा हिशेब राहिला नाहीं. टिळकांनीं मूल आणावें आणि लक्ष्मीबाईंनीं त्यास न्हाऊं घालावें, जेवूं घालावें, त्याच्या डोक्यांतल्या उवा काढाव्या, रात्रीं तापांत त्याच्या उशाशीं बसावें, हा शिरस्ताच झाला. प्लेगच्या छावणींत राहून त्यांनीं रोग्यांची शुश्रूषा केली. रुग्णसेवेचें शिक्षणही कांहीं काळ घेतलें. मिशनच्या बेताच्या पगारांत हें सारें भागवावयाचें होतें. पुढें १९०७ सालच्या जळगांवच्या कविसंमेलनांत गाजलेला तरुण त्र्यंबक बापूजी ठोमरे, ज्यास महाराष्ट्र बालकवि म्हणून ओळखतो, तोही या घरांत राहिला आणि लक्ष्मीबाईंनीं त्याच्यावर पोटच्या पोरासारखी माया केली. १९१८ सालीं आगगाडीखालीं त्याचा अकालीं अंत झाला, तो घाव या घरानें घरचाच म्हणून सोसला.

याच गर्दींत टिळकांचें काव्य बहरत होतें. त्यांचीं भजनें आज मराठी ख्रिस्ती मंदिरांतून सर्वत्र गाइलीं जातात. ‘ज्ञानोदय’ पत्राचें मराठी संपादनही त्यांजकडे आलें. त्यांच्या मनांत एक मोठा संकल्प होता. प्रभु येशूचें संपूर्ण चरित्र मराठी महाकाव्याच्या रूपानें गावें, रामायणाच्या शेजारीं मराठी घरांत ‘ख्रिस्तायन’ असावें, असा तो संकल्प. त्यांनीं लेखनास आरंभ केला. परंतु व्याप फार आणि चित्त अनेक दिशांस धांवणारें. १९१७ सालीं मिशनची नोकरी सोडून, ख्रिस्ती संन्यासी होऊन, त्यांनीं साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला. दोन वर्षांच्या आंतच, ९ मे १९१९ रोजीं, मुंबईस त्यांचें निधन झालें. ‘ख्रिस्तायना’चे सुमारें दहा अध्याय तेवढे लिहून झालेले होते.

आतां लक्ष्मीबाईंची स्थिति काय होती, तें पाहावें. वय पन्नाशी उलटलेलें. पतीनें मागें द्रव्य ठेवलेलें नाहीं. ठेवलें असतें तर तेंच नवल. उपजीविकेसाठीं त्यांनीं मुंबईस मुलींच्या वसतिगृहावर मेट्रनचें काम धरलें. शिक्षण म्हणावें तर शाळेची पायरी चढलेल्या नाहींत. संस्कृत येत नाहीं, इंग्रजी येत नाहीं. पवित्र शास्त्रावरील जाडजूड टीकाग्रंथ वाचण्याची सोय नाहीं. आणि समोर काय, तर महाराष्ट्रांतील एका श्रेष्ठ कवीनें अर्ध्यावरच टाकलेलें महाकाव्य! शहाण्या माणसानें तें कापडांत बांधून पेटींत ठेवलें असतें आणि वर्षश्राद्धास दोन अश्रु गाळले असते. लक्ष्मीबाईंनीं तें पुढें लिहावयास घेतलें. आणि एक-दोन अध्याय जोडून नव्हे, तर तब्बल ६४ अध्याय लिहून त्यांनीं तें शेवटास नेलें. पतीचे दहा, पत्नीचे चौसष्ट, हें प्रमाणच पुरेसें बोलकें आहे.

पवित्र शास्त्रांतील कथा काव्यांत किंवा कादंबरींत सांगणें हें काम वाटतें तितकें सोपें नाहीं. चार शुभवर्तमानकार चार परींनीं लिहितात. एकच प्रसंग एकाच्या येथें चार ओळींत, तर दुसऱ्याच्या येथें सविस्तर. कोण आधीं, कोण नंतर, याचा मेळ बसवावा लागतो. नाईन गांवच्या विधवेचा एकुलता मुलगा तिरडीवर आहे, एवढें लूक सांगतो; ती कशी चालत होती, शेजारणी काय करीत होत्या, तें सांगत नाहीं. काना गांवच्या लग्नांत द्राक्षारस सरला, एवढें योहान सांगतो. यजमानीण किती कासावीस झाली, तें सांगत नाहीं. तो मोकळा भाग लेखकानें भरावयाचा. पण असा कीं देवाच्या वचनास धक्का लागूं नये, आणि प्रभूच्या तोंडीं आपल्या पदरचें तत्त्वज्ञान जाऊं नये. शास्त्रास चिकटून राहावें तर काव्य कोरडें होतें. कल्पनेस मोकळें सोडावें तर शास्त्र बिघडतें. या दोन दरडींमधली वाट अरुंद आहे.

असें असतां एका गृहिणीस ती वाट कशी चालतां आली? आम्हांस असें वाटतें कीं, तिचें गृहिणीपणच तिच्या उपयोगीं पडलें. प्रभूनें स्वर्गाच्या राज्याचे दाखले कोठून घेतले तें पाहा. तीन मापें पिठांत कालविलेलें खमीर. हरवलेल्या नाण्यासाठीं दिवा लावून घर झाडणारी बाई. जुन्या वस्त्रास लावलेलें नवें ठिगळ. मीठ, दिवा, तेल. आणि एका जात्यावर दळीत बसलेल्या दोघी. हें सारें घरांतलें आहे. पंडितास त्याचा अर्थ शोधावा लागतो, घर चालविणारीस तो हातांतच सांपडतो. जिनें पांच मुलांच्या भाकरींत पंधरा जणांस जेवावयास बसविलें आहे, तिला पांच भाकरी नि दोन मासे यांचा चमत्कार निराळ्याच रीतीनें कळतो. जिनें प्लेगच्या छावणींत परक्याच्या कपाळावर हात ठेवला आहे, तिला कुष्ठरोग्यास स्पर्श करणारा प्रभु ओळखावा लागत नाहीं. आणि जिनें पुत्रवत् वाढविलेला मुलगा अवचित गेल्याचा निरोप ऐकला आहे, तिला कृसाखालीं उभ्या असलेल्या पवित्र मातेविषयीं कोणी कांहीं शिकवावें असें उरत नाहीं.

मार्था आणि मरिया या दोघी बहिणींची कथा आपण देवळांत पुष्कळदां ऐकतों. एक स्वयंपाकांत गुंतलेली, दुसरी प्रभूच्या पायांशीं बसलेली. संसारी बाईस ही कथा ऐकतांना थोडी टोंचणी लागतेच; कारण मार्थेनें उठून पाहिलें नाहीं, तर पाहुण्यांनीं जेवावें काय? लक्ष्मीबाईंच्या आयुष्यानें या टोंचणीस एक उत्तर दिलें आहे. त्यांनीं मार्थेचें काम टाकलें नाहीं, आणि मरियेची जागाही सोडली नाहीं. चूल, आजारीं, नातवंडें, आलेगेले, सभा-कीर्तनें यांतून जी घटका उरे ती त्यांनीं प्रभूच्या चरित्रास दिली. निवांतपणा मिळाला म्हणजे लिहूं, असें म्हणणाऱ्याचा पहिला अध्यायसुद्धां होत नाहीं. त्यांचे चौसष्ट झाले.

याच वयांत त्यांच्या हातून दुसरेंही एक कार्य झालें, ज्यामुळें ख्रिस्ती मंडळींच्या बाहेरही त्यांचें नांव अजरामर झालें. त्यांचे चिरंजीव देवदत्त यांस वडिलांचें चरित्र लिहावयाचें होतें. त्यांच्या आग्रहावरून लक्ष्मीबाईंनीं आपल्या आठवणी लिहून काढल्या. त्याच ‘स्मृतिचित्रें’ या नांवानें १९३४ ते १९३७ या काळांत चार भागांनीं प्रसिद्ध झाल्या. आपल्या दुःखाकडे हंसून पाहणारें, कोणासही न दुखवितां खरें सांगणारें असें आत्मचरित्र मराठींत क्वचितच दुसरें असेल. त्याचें इंग्रजी भाषांतर १९५० सालीं निघालें आणि पुढेंही आणखी झालीं. १९३३ सालीं नागपूर येथें भरलेल्या ख्रिस्ती साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद त्यांस देण्यांत आलें. जोडाक्षरें न साधणाऱ्या बाईस साहित्यिकांनीं उच्चासनावर बसविलें, हा तिचा गौरव खराच. पण तो मराठी भाषेच्या मोठ्या मनाचाही गौरव होय.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजीं नाशिक येथें लक्ष्मीबाईंनीं देह ठेवला. ‘ख्रिस्तायन’ ग्रंथरूपानें १९३८ सालीं बाहेर पडलें. तें पुस्तक हातीं घेणें त्यांच्या दैवीं नव्हतें. ‘स्मृतिचित्रें’ घरोघर गेलीं, आणि ‘ख्रिस्तायन’ मात्र ग्रंथालयांच्या कपाटांत राहिलें, ही खेदाची गोष्ट होय. विद्वानांनीं काव्यदृष्ट्या त्याचे गुणदोष पाहावे. तो त्यांचा अधिकार आहे. आमचें म्हणणें इतकेंच आहे कीं, एका मराठी आईनें आपल्या भाषेंत, आपल्या ओवींत, प्रभूचें समग्र चरित्र गाइलें असतां तें आमच्या मुलांच्या कानांवर एकदांही पडूं नये, हें आम्हांस शोभत नाहीं.

आमच्या विश्रांतवाडींतील कित्येक कुटुंबांचीं मुळें त्याच नगर जिल्ह्यांत आहेत, जेथें लक्ष्मीबाईंनीं दुष्काळ पाहिला नि पोरकीं मुलें वाढविलीं. आमच्या आज्या-पणज्यांपैकीं पुष्कळ जणी लिहूं-वाचूं जाणत नव्हत्या. पण संध्याकाळीं लेंकरांस जवळ घेऊन त्यांनीं येशूच्या कथा सांगितल्या, रोझरी म्हटली, आणि त्या श्रद्धेच्या बळावरच आजचा हा महोत्सव उभा आहे. ती कथनाची परंपरा पुस्तकांच्या नि पडद्यांच्या या दिवसांत क्षीण होत चालली आहे. आमच्या भगिनींपैकीं कोणी शिक्षिका आहेत, कोणी परिचारिका, कोणी कारखान्यांत जातात, कोणी चार घरचीं कामें करून आपलें घर चालवितात. त्यांच्यांपैकीं एखादीच्या मनांत रूथची, एस्तेरची, किंवा शुभवर्तमानांतील एखाद्या निनांवी बाईची गोष्ट आपल्या शब्दांत लिहावी असें येत असेल, आणि आपल्याला वेळ नाहीं, विद्या नाहीं, म्हणून ती गप्प बसत असेल. तिच्यासाठीं आम्ही हें चरित्र येथें दिलें आहे.

महोत्सवानिमित्त धर्मग्रामाच्या वाचनालयांत ‘स्मृतिचित्रें’ आणि ‘ख्रिस्तायन’ हीं दोन्ही पुस्तकें ठेवावीं, आणि येत्या आगमनकाळांत दर रविवारीं मिस्सेनंतर ‘ख्रिस्तायना’चा थोडा भाग एखाद्या मातेच्याच तोंडून वाचविला जावा, अशी आम्ही आमच्या धर्मगुरूंस व मंडळींस नम्र विनंती करितों. ज्या प्रभूचें चरित्र लक्ष्मीबाईंनीं श्रमानें पुरें केलें, त्याच्या चरणीं त्यांस चिरविश्रांति लाभो. आणि आमच्या घरांतील अपुरीं राहिलेलीं सत्कार्यें पुरीं करण्याचें बळ तो आम्हां सर्वांस देवो.